शेंगवर्गीय भाज्यांच्या मुळांवरच्या गाठी: जिवाणूंच्या की सूत्रकृमींच्या?

घेवडा, चवळी किंवा वाटाण्याच्या मुळांना गाठी दिसल्या की पुष्कळ जण रोग समजून सगळा वाफाच रिकामा करतात. घाई करू नका. गाठी रायझोबियम जिवाणूंच्या असतील तर त्या हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म, धाग्यासारख्या कृमींच्या असतील तर झाडाचं अन्नपाणी तोडतात.

तपासायचं रोप उपटू नका. हिसडा दिला की जिवाणूंच्या बऱ्याच गाठी तुटून मातीतच राहतात आणि निदान तिथेच चुकतं. खुरपीनं माती सैल करा, मुळं मातीसकट उचला आणि बादलीत भिजवून हलक्या हातानं धुवा.

मग अंगठ्यानं गाठ ढकलून पाहा. जिवाणूंची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते. ती सहज सुटते आणि मूळ शाबूत राहतं. सूत्रकृमींची गाठ म्हणजे फुगलेलं मूळच, मूळ तोडल्याशिवाय ती निघत नाही. आकारावर मात्र विसंबू नका. चवळी-घेवड्याच्या गाठी गोल असतात, तर वाटाणा आणि मेथीच्या लांबट, कधी फाटे फुटलेल्या. वाटाण्याचा असा झुबका पाहून उगाच धसका घेतला जातो.

माझा सगळ्यात जास्त भरवसा ब्लेडवर आहे. गाठ मधोमध कापा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती जोमानं काम करते आहे; हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल द्रव्याचा. पांढरी असेल तर एकतर कोवळी, नाहीतर कुचकामी. हिरवट किंवा तपकिरी गाठीचं काम संपलेलं असतं, शेंगा भरताना हे व्हायचंच. सूत्रकृमींच्या गाठीत गुलाबी रंग नसतो. भिंगातून पाहिलं तर पांढरी, मोत्यासारखी मादी दिसते, आकार 1 मिलिमीटरच्या आतबाहेर. अशी झाडं माती ओली असूनही भर दुपारी माना टाकतात.

गुलाबी गाठी असतील तर नत्राचं खत देऊ नका. जास्त नत्र मिळाला की झाड नव्या गाठी धरत नाही. शेंगा संपल्यावर खोड जमिनीलगत कापा, मुळं मातीतच राहू द्या. फुलोऱ्यातही गाठी पांढऱ्या आणि पानं पिवळी असतील तर पुढच्या वेळी बियाण्याला त्याच पिकाचं रायझोबियम चोळा. चवळीचं वाटाण्याला चालत नाही.

सूत्रकृमी निघाले तर झाडं मुळांसकट काढा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका. त्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी लगेच लावू नका. एक हंगाम दाट झेंडू लावा. एकाच मुळावर दोन्ही गाठी असू शकतात. तेव्हा वाफा सूत्रकृमींचाच धरून चाला. शेंगा लागलेल्या असतील तर त्या तोडून घ्या आणि मग झाडं काढा.