खान्देशातील महाविद्यालयांत पर्यावरण अभ्यास शिकवण्याची संधी: कोणी घ्यावी आणि कोणत्या अटीवर

दरवर्षी जून-जुलैमध्ये खान्देशातल्या वर्तमानपत्रांत महाविद्यालयांच्या तासिका तत्त्वावरील जागांच्या जाहिराती येऊ लागतात. इंग्रजी, वाणिज्य, रसायनशास्त्र, भूगोल अशा विषयांच्या यादीत अगदी खाली ‘पर्यावरण अभ्यास’ अशी एक ओळ असते आणि पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची तयारी करत असलेले तरुण ती वाचून अर्ज करावा की नाही या संभ्रमात पडतात. या भागातल्या महाविद्यालयांत मी हा विषय तासिका तत्त्वावर शिकवला आहे. पुढचे परीक्षण प्रामुख्याने तापीच्या उत्तरेला, केळीपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयाच्या अनुभवावर आधारलेले आहे. त्याचे नाव देत नाही, कारण जे गुणदोष सांगणार आहे ते त्या एका संस्थेपुरते नाहीत.

माझे मत आधीच सांगते. नोकरी म्हणून ही संधी तोकडी आहे. अध्यापन म्हणून मात्र तिच्या तोडीची संधी आपल्या भागात क्वचितच मिळेल. यांपैकी आपल्या वाट्याला काय येणार, हे जवळजवळ पूर्णपणे एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे क्षेत्रकार्याला, म्हणजे विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेल्या पाहणी-मोजणीला, महाविद्यालय खरे काम मानते की नुसता कागद.

हा विषय प्रत्येक महाविद्यालयात आहे याला कारण न्यायालयाचा आदेश आहे. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले, अंमलबजावणी रेंगाळल्यावर २००३ साली पुन्हा बजावले, आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम तयार केला. त्यात ८ घटक आणि ५० तासिका होत्या, आणि १०० गुणांपैकी २५ गुण क्षेत्रकार्याला राखलेले होते. २०२३ मध्ये आयोगाने नवी चौकट दिली, तिच्यात हवामान बदल, कचरा व्यवस्थापन, जैवविविधता आणि शाश्वत विकास यांना अधिक जागा मिळाली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यात हा विषय मूल्यशिक्षणाच्या गटात श्रेयांकांसह (क्रेडिटसह) बसवला गेला आहे. विषय सक्तीचा आहे, शिकणारे प्रत्येक वर्गात आहेत, तरीही त्यासाठी पूर्णवेळ पद जवळपास कुठेच नाही. एका सत्राचा कार्यभार पूर्ण पदाएवढा भरत नाही, म्हणून तो भूगोल किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांत वाटून दिला जातो, आणि त्यातून जे उरते तेवढ्यासाठी तासिका तत्त्वावर माणूस घेतला जातो.

पदव्युत्तर पातळीवर शिकवण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळा जळगावला आहे. पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन १९९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. प्रशाळेतल्या जागा मोजक्याच असतात, तेव्हा बहुतेकांची सुरुवात संलग्न महाविद्यालयातूनच होते. सहायक प्राध्यापकपदाची किमान पात्रता म्हणजे पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट. जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. नेट आणि सेट या दोन्ही परीक्षांत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. त्यातच उत्तीर्ण व्हावे. भूगोलातून सेट झालेल्या उमेदवाराला भूगोलाचे तास आधी मिळतात आणि पर्यावरण जोडीला येते, पर्यावरणाचे तास आधी आणि भूगोल जोडीला असे त्याच्या बाबतीत सहसा घडत नाही.

मानधनाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याबद्दल सर्वांना ठाऊक आहेच. पैसे घेतलेल्या तासांचेच मिळतात. परीक्षा, सुट्या आणि स्नेहसंमेलनाचे आठवडे कोरडे जातात. दिवाळीपूर्वी घेतलेल्या तासांचे मानधन आम्हाला उन्हाळ्यात मिळाले होते. विद्यार्थ्यांना घेऊन सकाळी सातला निघून संध्याकाळी परतलेला क्षेत्रभेटीचा दिवस बिलात दोन तासिका म्हणून लागला. ज्याच्या घरात दुसरे उत्पन्न नाही त्याने केवळ या कामावर संसार उभा करण्याचा विचार करू नये, हे मी मनापासून सांगते.

आता या संधीच्या खऱ्या मोलाकडे वळते. अभ्यासक्रमात ‘नैसर्गिक संसाधने’ या घटकात भूजल येते. अनेक वर्गांत ते एका आकृतीवर उरकले जाते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले शेतकरी कुटुंबांतली होती, तेव्हा त्या वर्षीचा प्रकल्प घरच्या किंवा शेजारच्या विहिरीची पाणीपातळी मोजण्याचा ठेवला. साधन म्हणजे नायलॉनचा दोर, त्याच्या टोकाला बांधलेला जड लोखंडी नट, आणि दर मीटरला लाल दोऱ्याची गाठ. नट पाण्याला टेकला की खालून आवाज येतो, तिथे दोर चिमटीत धरायचा, वर ओढून गाठी मोजायच्या आणि विहिरीच्या कठड्याची उंची वजा करायची. मुलांनी तलाठी कार्यालयातून गावनकाशे मिळवले आणि गट क्रमांकांवर आकडे भरले. अनेक ठिकाणी नट कोरड्या गाळात रुतला, कारण विहीर कधीच आटली होती आणि तिच्या तळातून घेतलेल्या बोअरवर बाग जगत होती.

हे नकाशे फळ्यावर लावल्यानंतर सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्याबद्दल बोलणे सोपे झाले. डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांनी मोठे दगडगोटे, खडी आणि वाळू टाकून हा पट्टा बनवला आहे. त्यात पावसाचे पाणी वेगाने मुरते आणि तापीच्या दिशेने खोल गाळात पसरते. त्या पाण्यावर यावल-रावेरची केळी उभी राहिली, आणि मुरते त्याहून अधिक उपसा होत गेल्याने पातळी खाली गेली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात २०२५ साली भूजल पुन्हा भरण्यासाठीच्या ज्या तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला, तिच्या मुळाशी हेच गणित आहे. वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पात घरच्या कूपनलिकेच्या जुन्या पावत्या क्रमाने चिकटवल्या होत्या. त्यांत खोदाईचे फूट, केसिंग, केबल, दर काही वर्षांनी वाढवलेले पाइप आणि पाच अश्वशक्तीच्या जागी आलेला मोठा सबमर्सिबल पंप अशा नोंदी होत्या. शेवटच्या पानावर तिने वडिलांच्या एकूण खर्चाची बेरीज मांडली होती. भूजलाच्या अर्थशास्त्राचा याहून नेमका पाठ मला पुस्तकातून देता आला नसता. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीविषयी आपल्याकडे अभिमानाने बोलले जाते. त्या केळीला पाणी किती लागते, घडाला घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि ठिबकच्या जुन्या नळ्या शेवटी कुठे जातात, हे प्रश्न विचारण्याची जागा पदवीच्या सगळ्या अभ्यासक्रमात याच एका विषयाने दिली आहे.

धुळे जिल्ह्यात शिकवण्याची संधी मिळाली, तर सामाईक संसाधनांचा भाग पांझरेकाठच्या फड पद्धतीवर शिकवावा. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सर्वांचे एकच पीक, ठरलेल्या क्रमाने त्याची फेरपालट, आणि पाणी सोडण्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी, अशी ही व्यवस्था शतकानुशतके चालत आली. तुटीच्या वर्षी काही फड पडीक ठेवून उरलेल्या पाण्यात सर्वांना वाटा देणारी ही रीत समजावून सांगताना विद्यार्थ्यांच्या आजोबांना वर्गात बोलवावे, हे मी आग्रहाने सुचवीन. त्याच जिल्ह्यात साक्री तालुक्यातले बारीपाडा आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या गावाने उजाड झालेले जंगल राखून पुन्हा उभे केले, आणि त्या कामासाठी त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे जाताना गावाला आधी कळवावे, आणि मुलांना नियम कोणी केले, ते मोडल्यास काय होते, हे प्रश्न लिहून न्यायला सांगावे. अन्यथा ती नुसती सहल होते.

नंदुरबारमध्ये विषयाला वेगळे वजन येते. १८८४ नंतर कोणाच्याही पाहण्यात निश्चितपणे न आलेला, नामशेष झाला असावा असे मानला गेलेला रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. जैवविविधतेच्या घटकात दूरदेशीच्या पांड्याचे चित्र दाखवण्याऐवजी या पक्ष्यापासून सुरुवात केली, तर मागच्या बाकांवरची मुलेही मान वर करतात. याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडिताने बाधित झाली, आणि अभ्यासक्रमात तर ‘विस्थापितांचे पुनर्वसन’ असा उपघटकच आहे. वर्गात पुनर्वसन वसाहतींतली पावरा आणि भिल्ल घरांतली मुले बसलेली असतात, त्यामुळे हा भाग शिकवताना शिक्षकाने आपला आवाज थोडा खाली ठेवून त्यांना बोलू द्यावे. मोह, चारोळी, तेंदू यांचा हंगाम त्यांना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो, आणि अहिराणीत किंवा पावरीत दिलेल्या उत्तराला पूर्ण गुण द्यायला विषयाची कुठलीही अडचण नाही.

या सगळ्याला सुरुंग लावणारी एक गोष्ट सर्रास चालते आणि तिच्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. आधी मी ज्या महाविद्यालयात होते, तिथे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प वह्या येत असत. वहीवर छापील प्रमाणपत्र, आत गंगेच्या प्रदूषणावरची पाने आणि शेवटी ज्या गावाचे नाव बदलले तरी आकडे बदलत नाहीत असे सर्वेक्षणाचे कोष्टक असे. तापीच्या काठावर राहणाऱ्या, रोज नदी ओलांडून येणाऱ्या मुलीने गंगेवरची वही जमा करावी आणि तिच्यावर सही करून २५ पैकी २२ गुण द्यावेत, अशी माझ्याकडून अपेक्षा होती. मी वह्या परत केल्या आणि मुलांना पंधरवडा वाढवून मागितला. मुदत मिळाली नाही; गुणपत्रके माझ्या सहीशिवाय गेली. पुढच्या वर्षी मला तिथे बोलावणे आले नाही. मला त्याचे वाईट वाटले ते मानधनापेक्षा त्या मुलीसाठी, कारण भुसावळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून हतनूर धरणातल्या गाळापर्यंत लिहिण्यासारखे तिच्या डोळ्यांसमोर किती होते!

केळीपट्ट्यातल्या महाविद्यालयाने हे वेगळ्या रीतीने हाताळले, म्हणून त्याला माझी पसंती आहे. तिथे कला आणि वाणिज्यचे विद्यार्थी एकत्र बसत, वर्ग दीडशेच्या पुढे जाई आणि ध्वनिक्षेपकावर शिकवावे लागे, ही उणीव होतीच. परंतु प्रकल्पासाठी सहा-सहा जणांचे गट पाडण्याची मुभा होती, वेळापत्रकात क्षेत्रकार्याची शनिवारची सकाळ राखलेली होती, आणि प्राचार्यांनी एक अट घातली होती: प्रकल्पात मोजणी केलेल्या जागेचे गाव, तारीख आणि मोजणाऱ्याची सही असल्याशिवाय तो स्वीकारायचा नाही. या एका अटीने झेरॉक्सच्या वह्या आपोआप बंद झाल्या. प्रवासाची सोय मात्र महाविद्यालयाकडे नव्हती. एस.टी.च्या वेळा सांभाळाव्या लागत, मुलींच्या पालकांची लेखी संमती आधी घ्यावी लागे, आणि यावल अभयारण्यात जायचे तर वनविभागाच्या परवानगीचा अर्ज बराच आधी द्यावा लागे. मार्चनंतर बाहेरचे काम ठेवूच नये. जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि मुले आजारी पडतात. विहिरींची पहिली मोजणी पावसाळा संपताच ऑक्टोबरमध्ये आणि दुसरी फेब्रुवारीत घेतली, तर दोन आकड्यांतला फरक हाच प्रकल्प होतो.

सेट किंवा नेट झालेली, आपल्याच तालुक्यात किंवा जवळपास राहणारी आणि संशोधनाकडे वळू इच्छिणारी व्यक्ती या कामाला सर्वांत योग्य आहे, कारण दोन-तीन वर्षांच्या विहिरींच्या नोंदी तिच्या पीएच.डी.च्या विषयाचा पायाही होऊ शकतात. नाशिक किंवा पुण्याहून केवळ अनुभवाच्या दाखल्यासाठी येणाऱ्याला मी हे सुचवणार नाही. मानधन प्रवासातच संपेल. मुलाखतीत निवड समिती आपल्याला प्रश्न विचारून झाल्यावर आपणही तीन गोष्टी विचाराव्यात: क्षेत्रकार्याचे तास वेळापत्रकात दाखवले आहेत का, ते बिलात धरले जातात का, आणि गेल्या वर्षीचे प्रकल्प पाहायला मिळतील का. तिसऱ्या प्रश्नावर कपाट उघडून वह्या समोर ठेवल्या गेल्या, तर त्यांतल्या दोन-चार उलटून पाहाव्यात. आपल्या तालुक्यातल्या गावांची नावे, हाताने काढलेले नकाशे, खाडाखोड केलेली कोष्टके दिसली, तर रुजू होण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.