उन्हाळी सुट्टीतील परदेश: सहल की अभ्यासक्रम?

जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत ब्रिटनला जाऊ इच्छिणाऱ्या चिनी विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात: 'यौश्वे' म्हणजे गटाने केलेली अभ्याससहल, किंवा एखाद्या विद्यापीठाचा उन्हाळी अभ्यासक्रम.

सहलीत बहुधा सकाळी इंग्रजीचे वर्ग आणि दुपारी भटकंती असते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात, कॅम नदीवरील पुलाजवळ, चिनी कवी श्यू झमो यांच्या ओळी कोरलेला पांढरा संगमरवरी दगड २००८ पासून आहे. लहानपणी पाठ केलेल्या त्या ओळी परक्या देशातील नदीकाठी आपल्याच लिपीत वाचायला मिळणे, हा लाभ मी मुळीच कमी लेखणार नाही. मात्र दिवसभर सोबतीला वर्गमित्रच असल्याने बोलणे चिनीतच होत राहते.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या उन्हाळी शाळेत एक विषय ३ आठवडे शिकवतात, परीक्षा होते आणि गुणपत्रक मिळते. शेजारी निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी असल्याने इंग्रजीवाचून गत्यंतर नसते.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मी सहलच सुचवेन. परंतु परदेशी पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करणाऱ्या महाविद्यालयीन मुलीने अभ्यासक्रमच निवडावा, कारण तिथली अध्यापनपद्धती आपल्याला झेपते की नाही, हे तिला प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच कळते.