गाडीच्या शब्दांसाठी कुठली स्पॅनिश धरावी: स्पेनची की मेक्सिकोची?

जळगावात बसून गाड्यांची माहितीपत्रकं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायची, तर आधी ठरवायला लागतं की शब्द स्पेनचे घ्यायचे की मेक्सिकोचे. आपल्याला हे नवं नाही. मुलगा म्हणा नाहीतर आंडोर, पोरगं तेच. पण कुठल्या घरात काय म्हणायचं, हे खान्देशातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

'गाडी चालवणे' स्पेनमध्ये कोंदुथिर, मेक्सिकोत मानेखार. शिकणाऱ्याला मानेखार सोपं, कारण ते नियमाने चालतं. कोंदुथिरचं 'मी चालवतो' म्हणताना कोंदुथ्को होतं, भूतकाळात कोंदुखे. गाडी लावायला स्पेनमध्ये आपार्कार, मेक्सिकोत एस्तासिओनार. डिकीला स्पेनमध्ये मालेतेरो, मेक्सिकोत काखुएला. आणि दोन्हीकडे कोंदुक्तोर म्हणजे ड्रायव्हर! धुळ्याच्या एसटीत तिकीट फाडणारा डोळ्यांसमोर आणलात, तर सगळं वाक्य उलटं होईल.

खरी ठेच यांता या शब्दाची. मेक्सिकोत यांता म्हणजे टायर. स्पेनमध्ये यांता म्हणजे रिम, आणि टायर म्हणजे नेउमातिको. सुरुवातीच्या एका कामात, गिऱ्हाईक स्पेनचं, मी 'यांतांमधली हवा तपासा' असं लिहून दिलं. त्यांनी वाचलं, रिममधली हवा तपासा. मजकूर परत आला, आणि त्या रात्री मी पानन् पान पुन्हा तपासलं. चूक माझीच होती. देश विचारलाच नव्हता.

तरी नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी मेक्सिकोच सुचवेन. एक तर स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत सगळ्यांत जास्त लोकसंख्या त्याची, १२ कोटींच्या वर. स्पेन ५ कोटींच्या आसपास. दुसरं कारण मला जास्त पटतं. मेक्सिकोच्या गॅरेजनेही आपल्यासारखेच इंग्रजी शब्द घासून आपले केलेत. रिमला ते रिन म्हणतात, सायलेन्सरला मोफ्ले, क्लचला बोलताना क्लचच (छापताना मात्र एम्ब्रागे बरं). लायसन म्हणजे लिसेन्सिया. स्पेनमध्ये त्यालाच कार्ने. भुसावळच्या हायवेवर गॅरेजात वाढलेल्या पोराला यातले निम्मे शब्द ऐकताक्षणी कळतील.

गिऱ्हाईक युरोपातलं असेल तर मात्र स्पेनचेच शब्द घ्या, तडजोड नको. तिथे कोचे म्हणजे कार; मेक्सिकोसारखं कार्रो म्हटलंत तर ढकलगाडी किंवा बैलगाडी वाटेल. उलट 'गाडी घेऊन जा' या अर्थी स्पेनमध्ये सर्रास चालणारं कोखेर मेक्सिकोत छापू नका. तिथे ती शिवी होते. तोमार लिहा.

दोन्ही याद्या एकाच वहीत, समोरासमोर ठेवा. तिसरा रकाना मोकळा सोडा. आर्जेन्टिनाचं काम आलं की तो लागतोच: तिथे पेट्रोल गासोलिना नाही, नाफ्ता.