उंच हँडल बसवलं, नव्या केबल अन् होजचे पैसे घेतले, आत सगळं जुनंच

नागपुरात टूरिंगच्या गाडीला उंच हँडल बसवायचा विचार करत असाल तर आधी हे वाचा, कारण खरी लूट हँडलच्या मागच्या न दिसणाऱ्या सामानात होते.

माझी रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड 350 बाइक आहे, लांब चालवली की पाठ अन् मनगटं भरून येतात, म्हणून तीन इंच उंच हँडल टाकायचं होतं. इथल्याच एका अॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो, नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. हँडल वर गेलं की क्लच केबल, अॅक्सिलेटर केबल, पुढच्या डिस्क ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी) अन् स्विचच्या वायरी, सगळंच लांब लागतं, हे मी आधीच बोललो होतो. तो म्हणे, "हो भाऊ, सगळं नवीन टाकून देतो, होज पण स्टीलच्या जाळीचा, टेन्शन काहून घेता?" व्हॉट्सअॅपवर हिशोब पाठवला, अॅल्युमिनियमचं हँडल 4,500, दोन केबल 1,400, होज 2,200, वायरिंग, ब्लीडिंग (ब्रेकच्या नळीतली हवा काढणं) अन् मजुरी मिळून 1,500. पैसे दिले, संध्याकाळी गाडी मिळाली. होजवर काळी स्लीव्ह चढवलेली होती, म्हणे घासू नये म्हणून.

शहरात काही जाणवलं नाही. पण पचमढीला निघालो अन् सौंसरच्या पुढे सिलेवानी घाटात एका बंद पडलेल्या ट्रकमागून गाडी वळवायला हँडल पूर्ण फिरवलं तर अॅक्सिलेटर न देता इंजिन आपोआप गरगरायला लागलं. केबल ताणली गेली की हेच होतं, हँडल वळलं की केबल ओढली जाते अन् थ्रॉटल उघडतं. बाजूला दरी, मागे बायको बसलेली. पटकन किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबला म्हणून वाचलो, तिथूनच हळूहळू परत आलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या एरियातल्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. काकाजींनी टाकी अन् हेडलाइट खोलला अन् मलाच बोलावलं, "हे पाहा भाऊ, केबल तर तुमची कंपनीचीच हाये, कोणी बदललीच नाही." क्लिपांमधून काढून जवळच्या रस्त्याने ओढून घेतलेली होती, क्लचच्या केबलवर मीच कधीतरी गुंडाळलेली हिरवी टेप तशीच. मग होजची स्लीव्ह कापली, तर आत जाळी वगैरे काही नाही, जुना रबरी होज, अन् टोकाला जोडणाऱ्या बँजो बोल्टजवळ इतका ताणलेला की रबरावर बारीक चिरा दिसत होत्या. नवा होज टाकला असता तर ऑइल बदलावंच लागतं, इथे डब्यातलं ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. म्हणजे ब्लीडिंगचे पैसेही फुकटच घेतले. हेडलाइटच्या आत स्विचच्या वायरी नुसत्या पिळून टेप मारलेली, सोल्डर नाही. शेवटी काकाजींनी हँडलला चुंबक लावलं, ते टपकन चिकटलं. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, ते साधं लोखंड होतं अन् क्लॅम्पखाली पाइप दबलेला.

मला सगळ्यात जास्त राग ब्रेकचा येतो. हँडल खोटं निघालं तर पैसे जातात, होज घाटात फुटला तर पुढचा ब्रेकच जातो.

दुकानात फोटो घेऊन गेलो तर आधी म्हणे पोराने चूक केली, मग आवाज चढवून म्हणे तक्रार केली तर आरटीओवाले मॉडिफिकेशनसाठी तुम्हालाच धरतील. ही धमकी बऱ्याच जणांना देत असतील. पण मॉडिफिकेशनचा नियम वेगळा अन् न टाकलेल्या सामानाचे पैसे घेणं वेगळं.

तुम्ही काम टाकलं तर जुन्या केबल अन् जुना होज पिशवीत भरून मागा, देत नसेल तर समजून जा. होजवर स्लीव्ह असेल तर ती सरकवून पाहा. पैसे देण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, इंजिनचा आवाज जरासुद्धा बदलायला नको, अन् दोन्ही टोकांना क्लचमध्ये थोडा ढिलेपणा राहिला पाहिजे. बिलावर प्रत्येक सामान वेगवेगळं लिहून घ्या.

त्याने केबलचे 1,400 परत केले, बाकीचं नाकारतोय. व्हॉट्सअॅपचा हिशोब अन् स्लीव्ह कापतानाचा व्हिडिओ आहे, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकली आहे, तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. गाडीला सध्या जुनंच हँडल लावलंय.