कोडॅक एक्टार एच 35 : दोन-दोन फोटोंचा खेळ

आधीच सांगतो, शार्प फोटो हवे असतील तर हा रोलवाला कॅमेरा तुमच्यासाठी नाही, हातातला मोबाईल ह्याच्यापेक्षा कितीतरी बरे फोटो काढतो. मी घेतला तो जोड्या लावायला. पुण्यातल्या महात्मा फुले मंडईवर एक छोटं प्रोजेक्ट चाललंय माझं, प्रत्येक पानावर शेजारी-शेजारी दोन फोटो आणि खाली अक्षरही नाही. महिनाभर लॅपटॉपवर जोड्या लावून बघत होतो पण हजारभर फोटो समोर असले की काहीही कशालाही जुळतं आणि सकाळी उठून बघावं तर एकही जोडी पटत नाही.

तर हा हाफ-फ्रेम कॅमेरा. नेहमीच्या 35 एमएम रोलवर जिथे 36 बाय 24 मिलीमीटरचा एक फोटो येतो तिथे हा 18 बाय 24 चे दोन उभे फोटो बसवतो, मध्ये बारीक काळी रेघ. 36 च्या रोलमध्ये 72 फोटो. युक्ती जुनीच आहे, ऑलिंपस पेन नावाचा असाच कॅमेरा 1959 मधला. हा 2022 ला आला, प्लास्टिकचा, पिशवीत टाकला की वजन जाणवत नाही. 22 एमएम लेन्स, एफ 9.5 (म्हणजे लेन्सचं भोक बारीक, उजेड कमी), शटर 1/100 सेकंद, फोकस फिक्स, म्हणजे आपल्या हातात फ्लॅश चालू-बंद करणं आणि बटण दाबणं एवढंच.

पहिल्या रोलला मी फार शहाणपणा केला. वहीत जोड्या लिहूनच नेल्या, कांदे आणि डोळे पुसणारी बाई, कुलूप आणि किल्ली, असलं सगळं शाळेतल्या जोड्या लावा छाप. आणि दहा-बारा फोटो झाल्यावर पिशवीत चुकून एक क्लिक पडला. पुढचं सगळं एका घराने सरकलं ना! किल्लीच्या शेजारी कुलूप नाही, भोपळ्याची फोड आली. पारड्याच्या गोलाशेजारी झोपलेल्या हमालाची टोपी. खरं सांगायचं तर माझ्या ठरवलेल्या जोड्यांपेक्षा ह्या घसरलेल्या जोड्याच भारी निघाल्या, कारण आकार जुळत होता आणि अर्थ जुळवायची घाई नव्हती.

मग दुसऱ्या रोलला एक नियम केला, विषम नंबर माणूस आणि सम नंबर वस्तू. आता कितीही क्लिक फुकट जाऊ देत (एखादा क्लिक फुकट गेलाय हे लक्षात न घेता मी आपला माणूस-वस्तू-माणूस म्हणत पुढे जातो) काळ्या फ्रेमची जोडी सोडली तर बाकी जोडीत एक माणूस आणि एक वस्तू येतेच. तिसरा रोल भावाबरोबर, एक फोटो माझा, एक त्याचा, आणि आधीचा काय काढला ते सांगायचं नाही. त्यातल्या निम्म्या जोड्या फालतू, पण दोन अशा की मला जन्मात सुचल्या नसत्या.

कॅमेरा उभा धरला तर फोटो आडवे येतात आणि जोडी वर-खाली होते, हे मस्त. फक्त प्रत्येक वेळी एकाच बाजूला फिरवून धरा, नाहीतर एक फोटो डोक्यावर उभा. मी केलंय.

उजेडाचं मात्र लक्षात ठेवा. मंडईच्या आत, त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली, 400 चा (कमी उजेडातही चालणारा) रोल टाकला तरी ह्या लेन्सला उजेड पुरत नाही. माझे आतले पंधरा फोटो नुसते कोळसे आले, चूक माझीच. बाहेरच्या गाळ्यांवर, सावलीत, 400 ला छान येतात. आत काढायचंच असेल तर फ्लॅश, पण समोर बसलेल्या आजींच्या तोंडावर फ्लॅश मारायला मला तरी जीभ रेटेना, म्हणजे परवानगी मागायला.

आणि लॅबला आधीच सांगा, दोन फ्रेम एकत्र स्कॅन करा म्हणून. एका लॅबवाल्याने (नाव नको) प्रेमाने 72 फाईली सुट्या करून दिल्या, जोड्याच गायब! परत स्कॅनचे पैसे पडले. रोल, डेव्हलप, स्कॅन सगळं मिळून हजार-दीड हजार सहज जातात, त्यामुळे क्लिक करताना हात आखडतो. मला तेच हवं होतं बहुतेक.

सध्या तिन्ही रोलच्या प्रिंट जमिनीवर पसरल्यात, काही काळ्या रेघेवरून कात्रीने कापून परत वेगळ्या जुळवतोय. बायको म्हणते पंखा लावू दे आता.