चार जीबीच्या लॅपटॉपात काय ठेवायचं, काय नाही

लहान, कमी ताकदीचा लॅपटॉप हाती आला की पहिला प्रश्न पडतो तो “यावर कोणती (ऑपरेटिंग) सिस्टिम टाकू?” हा. मलाही तोच पडला होता. अकरा इंची स्क्रीन, दोन कोरचा सेलेरॉन, बोर्डावरच पक्की जोडलेली ४ जीबी रॅम आणि ३२ जीबीची ईएमएमसी (डिस्कच्या जागी असलेली स्वस्त, मंद साठवण), असं माझं यंत्र. त्यात ना रॅम वाढवता येते, ना डिस्क बदलता येते. (तुमच्या लॅपटॉपात फिरती हार्ड डिस्क असेल आणि ती बदलता येत असेल, तर आधी एसएसडी बसवा आणि मग हे वाचा. कोणतंही सॉफ्टवेअर तेवढा फरक पाडत नाही.)

मी त्यावर आलटून पालटून पाच सिस्टिम टाकून पाहिल्या. हलकी सिस्टिम टाकून वाचवलेली रॅम ब्राउझरचे दोन-तीन जड टॅब एका घासात संपवतात, हे कळायला पाचवी सिस्टिम यावी लागली. त्यामुळे सिस्टिमची तुलना आधी केली असली, तरी खरा निर्णय ब्राउझरपाशी होतो.

विंडोज ठेवावी का?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येतात, पण ती नुसती मुदतवाढ. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. म्हणजे ३२ जीबीवाले दारातच अडतात. ६४ जीबीवाले आत जातात खरे, पण ४ जीबीत सिस्टिम आणि तिच्या मागे चालणाऱ्या सेवा मांडी घालून बसल्या की ब्राउझरला अंग चोरूनच बसावं लागतं. माझ्याकडे विंडोज १० होती तेव्हा मोठं अपडेट आलं की जागा पुरायची नाही आणि पेनड्राइव्ह लावून द्यावा लागायचा.

तरीही विंडोज ठेवण्याचं एक सबळ कारण असू शकतं: तुमचं काम ज्यावर अडतं असं एखादं सॉफ्टवेअर किंवा एखाद्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर, जो दुसरीकडे चालतच नाही. तसं असेल तर पुढच्या फंदात पडू नका. टास्क मॅनेजर उघडा, सुरुवातीलाच आपोआप चालू होणारी सगळी अ‍ॅप बंद करा आणि थेट ब्राउझरच्या भागाकडे जा. ८ जीबी रॅम असेल तर विंडोज काढण्याची घाई मुळीच नको.

क्रोमओएस फ्लेक्स की लिनक्स?

फ्लेक्स २०२२ मध्ये आली. क्लाउडरेडी नावाची जुनी सिस्टिम गुगलने विकत घेतली, तिचाच हा पुढचा अवतार. तिला ४ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण पुरते. चटकन सुरू होते, स्वतःच अपडेट होते आणि वापरणाऱ्याला डोकं लावावं लागत नाही. घरातल्या ज्या माणसाला “सिस्टिम” हा शब्दही ऐकायचा नाही, त्याच्यासाठी याहून सोपं काही नाही. पण दोन गोष्टी आधी तपासा. क्रोमबुकवर अँड्रॉइडची अ‍ॅप चालतात म्हणून फ्लेक्सवरही चालतील असं अनेकांना वाटतं. ती चालत नाहीत, प्ले स्टोअरच नसतं. दुसरं म्हणजे गुगलच्या तपासलेल्या मॉडेलांच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का आणि त्याचा सपोर्ट किती सालापर्यंत आहे, ते पाहा. मी फ्लेक्स काढली ती वेगळ्याच कारणाने: तिथे ब्राउझर म्हणजे क्रोमच. ते का खटकलं, ते खाली येईलच.

लिनक्समध्ये निवडीचा गोंधळ फार, पण या वर्गातल्या लॅपटॉपसाठी खरी लढत दोघांतच आहे: लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हा हलका डेस्कटॉप असलेली) आवृत्ती आणि लुबुंटू.

लुबुंटूचा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप रॅम कमी खातो, हे खरं. पण फायरफॉक्स तिथे स्नॅप (लागणारं सगळं एकाच दाबलेल्या गठ्ठ्यात) या स्वरूपात येतो, आणि मंद ईएमएमसीवर स्नॅपमधला फायरफॉक्स पहिल्यांदा उघडताना इतका वेळ घेतो की आपण आयकॉनवर क्लिक केलं होतं की नाही अशी शंका यावी. मिंटमध्ये स्नॅप मुळातच नाही, फायरफॉक्स साध्या पॅकेजमधून येतो. डेस्कटॉपने वाचवलेलं ब्राउझरने घालवलं, असा लुबुंटूचा हिशेब होतो. स्नॅप काढून दुसरीकडून फायरफॉक्स बसवता येतो, पण ती खटपट ज्याला जमते त्याला या तुलनेची गरज नाही. शिवाय मिंट २२ चा सपोर्ट २०२९ पर्यंत आहे, तर लुबुंटू २४.०४ चा एप्रिल २०२७ पर्यंत. मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क लागते. ३२ जीबीत ती बसते, वर थोडी जागाही उरते. माझा कौल मिंटला.

रॅम २ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर मात्र मिंटचा हट्ट धरू नका. तिथे अँटीएक्स घ्या. डेबियनवर आधारलेली, साध्या विंडो मॅनेजरवर चालणारी, दिसायला रुक्ष पण चिवट. पपी लिनक्सही अशा यंत्रांसाठी सांगितली जाते. ती आख्खी रॅममध्ये उतरते, त्यामुळे पेनड्राइव्हवरूनही चपळ चालते. पण तिची कामाची रीतच निराळी: बदल सेव्ह फाइलमध्ये जपायचे, आणि नेहमीचा वापरही रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणूनच. अडलेल्या लॅपटॉपातून फाइली काढून घ्यायला मी ती जवळ ठेवतो. रोजच्या वापराला नाही.

३२-बिट प्रोसेसरवाल्यांना सरळच सांगतो: वाट संपत आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही, आणि ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची नियमित मालिका १४४ व्या आवृत्तीपाशी थांबली. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नका, लिहायला वापरा. पण त्याआधी एक खात्री करा. २०१४ च्या आसपासच्या कित्येक अ‍ॅटम लॅपटॉपांत प्रोसेसर ६४-बिट असतो आणि यूईएफआय (यंत्र सुरू करणारं फर्मवेअर) तेवढं ३२-बिट. ६४-बिटचा पेनड्राइव्ह चालू झाला नाही म्हणून लोक यंत्रच जुनं समजून बसतात.

आणि कृपा करून “नुसती चालू केल्यावर किती एमबी खाते” या स्पर्धेत अडकू नका. लिनक्स रिकामी रॅम डिस्कवरच्या फाइली आठवणीत ठेवायला वापरते आणि मागितली की परत देते. त्यामुळे “फ्री” हा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही, “अव्हेलेबल” पाहा. त्याऐवजी एक काम नक्की करा, झेडरॅम चालू करा. रॅममधली न वापरली जाणारी माहिती ते रॅममध्येच दाबून लहान करून ठेवतं, त्यामुळे मंद डिस्कवरच्या स्वॅपची (रॅम पुरेना म्हणून डिस्क वापरण्याची) पाळी उशिरा येते. ४ जीबीत हा फरक हाताला जाणवतो.

ब्राउझर

इथे रॅम जाते, प्रोसेसर जातो आणि बॅटरीही जाते. आजचे ब्राउझर सुरक्षिततेसाठी वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतात; प्रत्येक टॅबने स्वतंत्र चूल मांडावी तसं. त्यामुळे “हलका ब्राउझर” शोधणं बरंचसं मृगजळ आहे. फाल्कनचंच पाहा. तो हलका म्हणून सुचवला जातो, पण आत क्यूटी वेबइंजिन, म्हणजे पर्यायाने क्रोमियमच (क्रोमचा गाभा). अंगरखा पातळ, अंग तेच. डिलो खरोखर हलका आहे, कारण तो जावास्क्रिप्ट चालवतच नाही. म्हणजे निम्म्या साइट उघडल्या तरी हलत नाहीत. मदतीची पानं वाचायला ठीक.

मग उरतात फायरफॉक्स आणि क्रोम. पडून असलेले टॅब झोपवायची सोय दोघांतही आहे: क्रोममध्ये मेमरी सेव्हर, तर फायरफॉक्स रॅम आटली की टॅब स्वतःच उतरवतो. नुसत्या रॅमवर निकाल लावायचा तर कधी हा पुढे, कधी तो. निकाल लागतो तो जाहिराती अडवण्यावर. कमजोर प्रोसेसरवर पान जड होतं ते बहुतेक वेळा मजकुराने नव्हे, तर त्याच्या भोवतीच्या जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टांनी. त्या उतरल्याच नाहीत तर तेच पान दुसऱ्या लॅपटॉपावर उघडल्यासारखं वाटतं. हे काम सगळ्यात चांगलं करणारं यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर पूर्ण क्षमतेने चालतं. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये तिथे ते बंद पडलं. आता त्याची फक्त लाइट आवृत्ती मिळते. फ्लेक्स मी का काढली, ते हेच. क्रोमियमवरच राहायचं असेल तर ब्रेव्ह बरा, त्यात जाहिराती अडवायची सोय ब्राउझरच्या आतच बांधलेली आहे.

व्हिडिओ अडखळत असेल तर दोष बहुधा कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवायच्या पद्धतीचा, असतो. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये व्हिडिओ पाठवतं. जुन्या चिपला ते हार्डवेअरमधून उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६४ मात्र जवळपास प्रत्येक चिपला येतं. यूट्यूबला तेच पाठवायला भाग पाडणारं एच२६४इफाय हे एक्स्टेंशन लावा आणि ७२० वर समाधान माना. नाहीतरी १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर १०८० पाहण्यात काय मिळतं?

लिहिणं, वाचणं आणि बाकीचं

ऑफिससाठी लिबरऑफिस. पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं, एकदा उघडलं की त्रास देत नाही. सेटिंगमध्ये जावा बंद केलं की उघडणं जरा सुधारतं. ओन्लीऑफिसमध्ये डॉक्स (वर्डच्या) फाइलची मांडणी अधिक नीट राहते, पण त्याच्याही पोटात क्रोमियम आहे. दुसऱ्याच्या फाइली तशाच्या तशा परत पाठवायच्या असतील तरच घ्या. अ‍ॅबीवर्ड झपकन उघडतं, पण तक्ते असलेल्या डॉक्स फाइलची दैना करतं. एकट्याने लांबलचक लिहायचं असेल तर फोकसरायटर किंवा साधा टेक्स्ट एडिटर पुरतो. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी कोणताही नवा एडिटर ठरवण्याआधी त्यात “दुसऱ्या, क्षितिज, ज्ञान” एवढं टंकून पाहावं. टर्मिनलमध्ये चालणारे एडिटर सगळ्यांत हलके, पण बहुतेक टर्मिनल जोडाक्षरांची मोडतोड करतात.

पीडीएफसाठी विंडोजवर सुमात्रा, लिनक्सवर मिंटबरोबर येतो तो वाचकच. व्हिडिओसाठी एमपीव्ही; बटणं-मेनू हवे असतील तर व्हीएलसी. यात विचार करण्यासारखं काही नाही.

विचार करायचा तो इलेक्ट्रॉनवर (वेब पानांसारखी डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवायचा सांगाडा) बनवलेल्या अ‍ॅपचा. स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नल, व्हीएस कोड यांतलं प्रत्येक आपापला क्रोमियम बरोबर घेऊन येतं. दोन उघडी ठेवलीत तर तुम्ही तीन ब्राउझर चालवताय असं समजा. ज्याची वेब आवृत्ती आहे ते फायरफॉक्सच्या टॅबमध्ये उघडा. टेलिग्रामचं डेस्कटॉप अ‍ॅप यातलं नाही, ते मुळापासून वेगळं लिहिलेलं आहे, खुशाल ठेवा. कोड लिहायला जीनी.

पडदा १०२४ बाय ६०० चा असेल तर आणखी एक पीडा: खिडक्यांची “ओके” बटणं पडद्याच्या खाली जातात. एक्सएफसीईत ऑल्ट दाबून खिडकी कुठूनही धरून वर सरकवता येते. हे माहीत नसल्यामुळे मी एकदा एक इन्स्टॉलर चार वेळा अर्धवट सोडला होता. पट्टीही खालून काढून डाव्या कडेला उभी करा, ओळी वाढतात.

व्हिडिओ कॉलपुढे मात्र यातली कोणतीच निवड फारशी टिकत नाही. आपला चेहरा पाठवायचा आणि समोरचे सहा चेहरे उलगडायचे, दोन्ही एकाच वेळी, हे दोन कोरच्या सेलेरॉनच्या आवाक्याबाहेरचं आहे. मागची पार्श्वभूमी धूसर करायची सोय चालू असेल तर पंखा नसलेला लॅपटॉपही मांडीला चटका देतो. कॉल मी फोनवर घेतो, आणि लॅपटॉपवर टिपणं काढतो.