चार रंगांचा तक्ता, पाच घरांची बॅटरी: रिसोर्स रूममध्ये वर्षभर वापरून

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा रिसोर्स रूमच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवतो त्या खोलीच्या, लोखंडी कपाटावर 'झोन्स ऑफ रेग्युलेशन'चा तक्ता लावला. आपली मनःस्थिती रंगांवरून ओळखायला आणि सांभाळायला मुलांना शिकवणारी ही पद्धत लिया कायपर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाची); ती २०११ मध्ये पुस्तकरूपाने आली. निळा म्हणजे थकलेलं किंवा उदास, हिरवा शांत, पिवळा म्हणजे चुळबुळ, काळजी, अतिउत्साह आणि लाल म्हणजे ताबा सुटलेला. मुलं आपल्या नावाचं चुंबक त्या त्या रंगावर सरकवतात. शेजारी आम्ही पाच घरांची बॅटरी काढली, अंगात किती दम उरलाय ते दाखवायला.

खरी कामाला आली ती बॅटरीच. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना भावनेचं नाव सांगणं जड जातं; काहींना तर भूक, लघवी, छातीतली धडधडही वेळेवर कळत नाही. पाचवीतला आमचा एक गडी चुंबक कायम हिरव्यावर ठेवायचा. हिरवा दिसला की बाई खूश होतात, हे त्याने केव्हाच हेरलं होतं! बॅटरीला शाबासकी नाही, म्हणून तिथे तो खरं दाखवायचा. खिचडीच्या सुट्टीनंतर जेमतेम एक घर. पोटभर जेवून आलेल्या मुलाचं हे असं का, म्हणून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. पातेल्यांचा खणखणाट, ताटांची आपटाआपटी, रांगेतली ढकलाढकली. आता तो खिचडी आमच्या खोलीत बसून खातो आणि पुढच्या गणिताच्या तासाला वही फाडणं पुष्कळ कमी झालंय. गॅदरिंगच्या तालमींतही बॅटरी अशीच तळाला गेली होती. शाळेत अगदी शहाणा. घरी पोचला की दप्तर फेकून रडतो, असं आई म्हणाली.

रंगांबद्दल माझी तक्रार आहे. मूळ पद्धतीत कुठलाच रंग वाईट नाही, पण वर्गात 'परत लालमध्ये गेलास?' अशी दटावणी सुरू व्हायला वेळ लागत नाही. शिवाय आनंदाने हात फडफडवत उड्या मारणारी मुलगी पिवळ्यात आली, म्हणून तिला हिरव्यात कशाला आणायचं? मारू देत की उड्या.

नव्या वर्षी तक्ता कपाटावरून काढून पोस्टकार्डाएवढा करणार आहे, प्रत्येकाच्या कंपासपेटीत मावेल असा. सगळ्या वर्गाने बघायची ती गोष्ट नाही. कोणी सुरू करणार असेल तर वहीत वेळ आणि त्याआधी काय घडलं, हे दोन रकाने आखाच. नुसत्या रंगांच्या नोंदींवरून महिन्याअखेरीला काही उलगडत नाही.